चित्र जमलंय की नाही, हे दुसऱ्याला न विचारता कसं कळतं? (जलरंग, नाशिक)

ओलाकागद

मी पंचवटीत राहते आणि नोकरी सांभाळून जलरंगात लँडस्केप करते. विषय बहुतेक गोदाघाटाचेच: नारोशंकराचं देऊळ, रामकुंडाच्या पायऱ्या, दुतोंड्या मारुती. एलिमेंटरी-इंटरमिजिएट झालेल्या आहेत, आर्ट कॉलेज केलेलं नाही.

अडचण अशी आहे की चित्र संपलं तरी ते चांगलं की वाईट हे मला ठरवताच येत नाही. मग लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर टाकते. "वा, मस्तच" आलं की दिवस छान जातो. लाईक कमी पडले की तेच चित्र टाकाऊ वाटायला लागतं आणि पुढे कित्येक दिवस ब्रशला हात लावावासा वाटत नाही. चित्र अर्ध्यावर आलं की हमखास वाटतं, आपल्याला हे येतच नाही. बरीच चित्रं तिथंच सोडलेली आहेत. घाटावर बसले आणि मागं कुणी येऊन उभं राहिलं की हात आखडतो.

"स्वतःवर विश्वास ठेव" असं सगळे सांगतात, पण तो ठेवायचा कशाच्या जोरावर? प्रत्यक्ष करता येईल असं काही सांगा. एखाद्या मोठ्या प्रदर्शनाला चित्र पाठवून बघू का, म्हणजे एकदाचा निकाल लागेल?

सामान: 300 जीएसएम कागद (कॉटन नाही), कॅमलिनच्या ट्यूब, गोल ब्रश 6, 8 आणि 12.

---

गडदछटा

चित्र आवडलं का आणि चित्र जमलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि तुमच्याकडे ते एकमेकांत गुंतलेत. आवडणं बघणाऱ्याच्या हातात. जमणं मात्र बऱ्याच अंशी तपासता येतं, तेही घरी, एकटीनं.

चित्र संपल्यावर फोटो काढायला हरकत नाही, पण तो ग्रुपवर न टाकता मोबाइलवरच कृष्णधवल करा. जागेचा फोटो असेल तर तोही कृष्णधवल करून शेजारी ठेवा. रंग गेला की फक्त उजेड आणि अंधार उरतो. शिकणाऱ्यांच्या कामात तेव्हा बहुतेक वेळा एकच दोष दिसतो: आकाश, पाणी, देऊळ, पायऱ्या सगळं मधल्या राखाडीत अडकलेलं असतं. कारण साधं आहे. जलरंग वाळला की फिकट होतो. ओला असताना बरोबर वाटला म्हणून तिथंच थांबलं, तर वाळल्यावर चित्र पुचाट दिसतं आणि आपण म्हणतो, "मला जमत नाही." खरं तर फक्त एक पायरी गडद कालवायला हवं होतं. त्याच कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी जवळ ठेवा. प्रत्येक मोठ्या वॉशआधी (पातळ रंगाचा सलग थर) तिच्यावर रंग लावून पूर्ण वाळू द्या आणि मगच चित्रावर घ्या.

नारोशंकराचं देऊळ काळ्या दगडाचं, म्हणून बरेच जण ट्यूबमधला काळा सरळ लावतात. तो सपाट बसतो, दगड वाटतच नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा काळा करा. उन्हाच्या बाजूला सिएना जास्त, सावलीत निळा जास्त. पॅलेटवर एकजीव होईस्तोवर घोटू नका, कागदावरच एकमेकांत शिरू द्या. दोनाचे चार रंग झाले की मात्र गढूळ होतो.

मग चित्र आरशात बघा. शिखर कललेलं असेल, पायऱ्यांच्या रेषा ढळल्या असतील, तर उलट्या प्रतिमेत लगेच खटकतं, कारण सरळ चित्राला डोळा सरावलेला असतो. त्यानंतर 8-10 फूट मागं जाऊन डोळे किलकिले करा. नजर आधी कुठं जाते? जिथं सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ शेजारी-शेजारी आहे आणि कड धारदार आहे, तिथंच ती जाणार. ती जागा तुम्हाला हवी होती तीच आहे का? देवळाच्या घंटेच्या कमानीऐवजी कोपऱ्यातल्या निळ्या ताडपत्रीवर नजर अडकत असेल, तर ताडपत्रीची कड स्वच्छ ओल्या ब्रशनं हलकेच चोळा आणि टिश्यूनं टिपून घ्या. दुरुस्ती एवढीच.

ही तपासणी चित्र संपल्या संपल्या करू नका. तेव्हा डोक्यात ती जागा आणि आपल्याला काय करायचं होतं ते ताजं असतं, त्यामुळे समोरचा कागद नीट दिसतच नाही. आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा.

अर्ध्या चित्रात धीर का सुटतो, याचंही कारण माध्यमातच आहे. जलरंगात आपण उजळाकडून गडदाकडे जातो. पहिले दोन वॉश झाल्यावर कागदावर गडद असं काहीच नसतं, सगळं धुरकट दिसतं. कसलेल्या चित्रकाराचं चित्रही त्या टप्प्यावर तसंच दिसतं. म्हणून सुरुवातीलाच 2 बाय 3 इंचाच्या चौकटीत 4बी पेन्सिलनं छोटा आराखडा करा, फक्त तीन टोनमध्ये: कोरा कागद, मधली राखाडी, पूर्ण गडद. पाच मिनिटांचं काम आहे. तो बोर्डच्या कोपऱ्यात चिकटवा. अर्ध्यावर शंका आली की कागदाकडे नाही, त्या आराखड्याकडे बघायचं: यातला गडद अजून लागलाय का? लागला नसेल तर चित्र सोडायचं नाही. गडद लागल्यावरही वाईट दिसलं तर खुशाल सोडा.

---

रविवारचा_स्पॉट

वर गडदछटा यांनी सांगितलंय त्यात हवा आणि कागदाची भर घालतो, कारण नाशकात बसून रंगवणाऱ्याच्या आत्मविश्वासाचं बरंच नुकसान या दोन गोष्टी करतात.

एप्रिल-मेमध्ये घाटावर वॉश पसरायच्या आत वाळतो. आकाशात पट्टे पडतात, कडा नको तिथं धारदार होतात. लाकडी लगद्याच्या कागदावर हे आणखी लवकर होतं, कारण तो पाणी धरून ठेवत नाही. कॉटनचा कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा) कागद महाग आहे, मान्य. पण एक पूर्ण शीट (22 बाय 30 इंच) घेऊन तिचे आठ तुकडे करा आणि निदान एकदा तोच विषय दोन्ही कागदांवर करून बघा. चूक हाताची किती आणि कागदाची किती, ते समोरासमोर दिसेल. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी ओला करून 5-10 मिनिटं मुरू द्या, आकाशाचा रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा आणि कागद सावलीत धरा. भर उन्हातल्या पांढऱ्या कागदावर सगळेच रंग उजळ भासतात, मग आपण गडद लावत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं.

पावसाळ्यात नेमकं उलटं. वॉश वाळतच नाही, वरून दुसरा दिला की खालचा उठतो आणि चिखल होतो. ओल ओळखायला शिका. कागद डोळ्याच्या पातळीला तिरका धरा. चमक लख्ख असेल तर पाणी अजून वर तरंगतंय. तेव्हा सोडलेला रंग मनाला येईल तिकडे जाईल. चमक मंद, मऊ झाली की घट्ट रंग सोडायची वेळ. झाडांच्या, धुराच्या मऊ कडा इथंच मिळतात. चमक गेली, पण पालथं बोट टेकवलं तर कागद गार लागतो, तेव्हा ब्रश लांब ठेवा. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असतं, ते आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत कड उमटते. गारवा पूर्ण गेला की दुसरा वॉश. या चार अवस्था हाताला कळल्या की "आज का बिघडलं" याचं उत्तर तुमचं तुम्हालाच देता येईल, आणि ते उत्तर "मी वाईट आहे" असं नसेल.

बघ्यांचं म्हणाल तर पाठीला भिंत किंवा खांब घेऊन बसा, म्हणजे मागं कुणी उभं राहूच शकत नाही. बुधवार टाळा, आठवडे बाजार असतो. सकाळी 7 ते 9 मध्ये जुन्या नाशकाच्या काठावर बसून पंचवटीकडे बघा. सूर्य देवळांच्या मागं असतो, त्यामुळे शिखरं, झाडं, घरं मिळून एकच मोठा गडद आकार होतो आणि टोन ठरवणं फार सोपं जातं. पहिली 15 मिनिटं रंग उघडूच नका, स्केचबुकात नुसत्या पेन्सिलनं रेखाटा. हातही मोकळा होतो आणि सुरुवातीची गर्दीही पांगते. थांबणारे लोक सहसा "हा कुठला भाग?" एवढंच विचारतात. बोटानं दाखवा आणि पुढं काम करा.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी घाटावर उतरू नका. पाणी चढायला वेळ लागत नाही.

---

माउंटबोर्ड

प्रदर्शनाबद्दल. पाठवा जरूर, पण "एकदाचा निकाल" म्हणून पाठवू नका. तिथून तसा निकाल मिळत नाही.

मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना 1888) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (1918) यांची वार्षिक प्रदर्शनं असतात. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थ्यांचा आणि कलावंतांचा विभाग वेगळा असतो. अशा ठिकाणी भिंत ठरावीक असते आणि निवड समिती बदलत राहते. चित्र परत आलं तर का आलं ते कुणी कळवत नाही. कारण कळत नसेल तर त्या नकारातून शिकण्यासारखं काही उरत नाही, आणि होकारातूनही फारसं नाही. निवड ही बायोडेटात लिहायची नोंद आहे, तिचा उपयोग तेवढाच धरा.

पाठवायचंच तर आधी एकाच धाटणीची पाच-सहा चित्रं तयार ठेवा आणि त्यातलं एक निवडा. एकुलतं एक चित्र पाठवलं की सगळा जीव त्यात अडकतो. त्या वर्षीचं नियमपत्रक नीट वाचा: मोजमाप फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, चित्र किती जुनं चालतं, आधी कुठं लावलेलं चालतं का. चित्राची गुणवत्ता बघायची वेळ येण्याआधीच बरेच अर्ज अशा गोष्टींवर बाद होतात. फ्रेम करताना काच थेट कागदाला टेकता कामा नये. दमट हवेत कागद चिकटतो, बुरशी धरते. मधे माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, क्वार्टर शीटला (पूर्ण शीटचा पाव भाग) चारी बाजूंनी अडीच-तीन इंच पांढरा किंवा मोतिया. रंगीत माउंट नको.

एक कळकळीची सूचना. ऑनलाइन "आंतरराष्ट्रीय स्पर्धा" म्हणून जाहिराती येतात, दर चित्रामागे फी असते आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पुरस्कार किंवा प्रमाणपत्र मिळतं. परीक्षकांची नावं आधी जाहीर केलेली नसतील, मागच्या वर्षीचा कॅटलॉग बघायला मिळत नसेल, तर पैसे भरू नका. ज्यांना दाद हवी असते अशांसाठीच ते जाळं टाकलेलं असतं. तेवढ्या पैशात कॉटनचे कागद येतील.

त्यापेक्षा कुसुमाग्रज स्मारकात चित्रप्रदर्शन लागलं की जाऊन बघत जा. मोबाइलवर आपण आपल्या कागदाची तुलना दुसऱ्याच्या उजळलेल्या, कातरलेल्या फोटोशी करतो. मूळ चित्र वीतभर अंतरावरून बघितलं की खालच्या पेन्सिलच्या रेषा दिसतात, एखादा फसलेला वॉश दिसतो, टिपून काढलेली जागा दिसते, आणि तरीही चार पावलं मागं आल्यावर चित्र उभं राहिलेलं दिसतं. नाशिकच्या निसर्गचित्रांत शिवाजी तुपे यांचं काम फार मोठं आहे. त्यांची मूळ चित्रं कुठं बघायला मिळाली तर एका चित्रासमोर अर्धा तास काढा आणि फक्त एकच शोधा: सगळ्यात गडद फटकारा कुठं आहे आणि तो केवढासा आहे.

---

ओलाकागद

मनापासून आभार. लगेच एक जुनं चित्र कृष्णधवल करून बघितलं, सगळं राखाडीच आहे. आणखी दोन शंका. कुणालाच दाखवायचं नाही असं तर नाही ना? दाखवायचं तर कुणाला आणि काय विचारायचं? आणि फोटोत माझा कागद कायम मळकट दिसतो, ते का?

---

चित्रशिक्षक_नाशिकरोड

ताई, दाद हवीशी वाटणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चित्र बघण्यासाठीच असतं. फक्त कौतुक ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडून मत घेऊ नका. आई, मावशी, ऑफिसातल्या मैत्रिणी यांना दाखवायचं ते आनंदासाठी. त्यांनी "छान" म्हणणं म्हणजे माया आहे, ती तशीच घ्यावी.

मत हवं असेल तर दोन-तीनच माणसं निवडा, जी स्वतः रंगवतात किंवा नियमानं चित्रं बघतात. "कसं झालंय?" असं विचारू नका, त्याला "छान" हेच उत्तर येतं. असं विचारा: "नजर आधी कुठं गेली?" "वेळ सकाळची वाटते की दुपारची?" "कुठला भाग जड किंवा रिकामा वाटतो?" आणि आधी काहीही सांगू नका. "घाईत केलंय", "इथं जरा बिघडलंय" असं आपण बोललो की समोरचा ते खोडून काढण्यातच वेळ घालवतो आणि हाती काही लागत नाही. तिघांपैकी दोघांनी वेगवेगळं विचारल्यावर एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा दुरुस्त करा. एकट्यानं ठेवलं तर वहीत लिहून पुढं जा. सर्वात उत्तम म्हणजे एकाच विषयाची दोन चित्रं शेजारी ठेवून "यातलं कुठलं आणि का?" असं विचारणं. निवड करताना माणूस आपोआप कारण देतो.

चार-पाच जणांचा गट जमला तर एक नियम पाळा: प्रत्येक चित्राला 10 मिनिटं, त्यातली पहिली 5 ज्याचं चित्र आहे त्यानं गप्प बसायचं. बोलणाऱ्यांनी आधी काय दिसतं तेवढंच सांगायचं, आवडनिवड नंतर.

फोटो मळकट येतो कारण चौकटीत बहुतेक भाग पांढरा असला की कॅमेरा उजेड जास्त आहे असं समजून फोटो काळपट करतो. चित्र खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असं भिंतीला उभं करा, मोबाइल कागदाला समांतर धरा, फ्लॅश बंद ठेवा, कागदाच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून एक्स्पोजर वाढवा. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, रंग खरे येत नाहीत. म्हणजे बघा, लोकांनी ज्या चित्राला लाईक दिले नाहीत ते तुमचं चित्र नव्हतंच, त्याचा काळपट फोटो होता.

इन्स्टाग्राम बंद करा असं मी म्हणणार नाही, कामं तिथून मिळतात. पण आठवड्याभरात झालेली चित्रं एकाच दिवशी टाका, संपल्या संपल्या नको. सेटिंगमध्ये लाईकचा आकडा झाकायची सोय आहे, ती वापरा. आणि टाकण्याआधी चित्राच्या पाठीमागं पेन्सिलनं तुमचं स्वतःचं मत लिहा: तारीख, कागद, कुठले रंग, जमलेली एक गोष्ट, फसलेली एक गोष्ट आणि ती का फसली. दुसऱ्याचं मत यायच्या आत आपलं मत कागदावर हवं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तुमची खरी अडचण चित्र वाईट असण्याची नाहीच. मत बनवायची सवय लागलेली नाही, आणि ती लावावी लागते.

त्यासाठी पुढचे दोन-तीन महिने जागा बदलू नका. नारोशंकराचं देऊळ, एकाच जागेवरून, क्वार्टर शीट (11 बाय 15), सहा वेळा. तीन सकाळी, तीन संध्याकाळी. दर वेळी एकच गोष्ट सुधारायची: पहिल्यात टोन, दुसऱ्यात कडा, तिसऱ्यात दगडाचा रंग, असं. सहाही झाल्यावर जमिनीवर ओळीनं मांडा. वेगवेगळ्या विषयांची चित्रं एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, तिथं प्रगती दिसतच नाही. एकच देऊळ सहा वेळा समोर असलं की दिसते.

आणि एक. चित्र मनासारखं झालं नाही म्हणून चार दिवस खिन्न वाटणं वेगळं. झोप, जेवण, नोकरी यांवर परिणाम होत असेल आणि दोन-दोन आठवडे तसंच राहत असेल तर तो चित्रकलेचा प्रश्न नाही. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

---

ओलाकागद

सहा चित्रांचं येत्या रविवारपासून सुरू करते. अर्धवट सोडलेल्यांचा मोठा गठ्ठा आहे, तो रद्दीत देऊ का?

---

गडदछटा

अजिबात नको, सरावाला याहून चांगला कागद मिळणार नाही. पहिले उजळ वॉश त्यावर झालेलेच आहेत. एक घ्या, त्याचा तीन टोनचा आराखडा आत्ता करा आणि 12 नंबरच्या ब्रशनं फक्त गडद जागा भरा: कमानीच्या आतला अंधार, पायऱ्यांखालच्या सावल्या, पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब. रंग घट्ट घ्या, एका जागेवर एकच फटकारा, परत चोळायचं नाही. वीस मिनिटांत थांबा. ज्यांचा पृष्ठभाग खरडून गेलाय ती उलटी करा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या-सिएनाच्या मिश्रणाच्या पट्ट्या काढा, फिकटापासून गडदापर्यंत, आणि प्रत्येक पट्टीखाली पाणी किती घेतलं ते लिहा. घाटावर जाताना त्यातली एक पट्टी बॅगेत ठेवा.